वेल्डिंग मारलेली सीट

मी सीट बोलतेय. पिकअपची पुढची लांब सीट. या दारापासून त्या दारापर्यंत एकसंध, एकच पाठ, एकच बैठक. तुम्ही माझ्यावर बसलात, विड्या ओढल्यात, खिडकीतून पिचकाऱ्या मारल्यात, अख्ख्या गावाची उणीदुणी काढलीत आणि उठून गेलात. वळून कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. आता मी गाडीबाहेर पडले आहे, तर माझंही जरा ऐका.

आधीच सांगते, गोड बोलणार नाही. मी स्वतः म्हातारी झाले आहे, पण म्हणून म्हाताऱ्यांची बाजू घेईन असं समजू नका. इतकी वर्षं ते माझ्यावर बसलेत. माणूस तोंडानं काय बोलतो आणि बुडाशी काय धरून ठेवतो, हे सीटइतकं कुणाला कळणार?

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या, त्यावर फोम आणि वरून तपकिरी रेक्झिन. माझ्या पायाखाली दोन रूळ होते. खाली वाकून, हात घालून एक दांडी ओढली की मी अख्खीच्या अख्खी पुढं-मागं सरकायचे. ज्यानं मला घडवलं त्याला एवढं कळत होतं की माणसं एका मापाची नसतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

पहिला मालक परभणीचा, पावाच्या लाद्या पोचवणारा. तेव्हा मला खारीचा वास यायचा. दुसरा शेळ्या-बोकडांचा व्यापारी. त्यानं एकदा आजारी बोकड पुढं माझ्यावर बसवलं, खाली पोतं अंथरून, खिडकीला. बोकड सभ्य होतं. एक कोपरा तेवढा चघळला माझा. मग मी आले गोपाळकडं, बोरीच्या अलीकडं सडकेपासून आत असलेल्या एका खेड्यात. गोपाळची पोरगी वैष्णवी तेव्हा अंगणवाडीत होती. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर उभी राहून उड्या मारायला लागली आणि तिच्या आजोबांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं.

"खाली उतर. बसायची जागा हाय ती."

हे आजोबा म्हणजे लिंबाजी. घरात त्यांना आबा म्हणतात. उंच माणूस, पांढरं धोतर, मांडीवर काठी आडवी. गाडी गोपाळच्या नावावर, पण गाडीत कुणी कुठं बसायचं ते आबा ठरवणार. त्यांनी ते पहिल्या दिवशी ठरवून टाकलं. स्टेअरिंगमागं गोपाळ. खिडकीला आबा. मधी त्यांचा दोस्त भुजंग, नाहीतर कुणी पाहुणा, नाहीतर आबांची पिशवी.

आणि बायका? बायका मागं हौद्यात.

कारण तयार होतं. मधल्या जागेत गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधी येतो, बाईमाणसानं तिथं कसं बसायचं? खरं आहे, येतो. मग बाईनं खिडकीला बसावं आणि आबांनी गिअरपाशी बसावं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. डोकी होती तिथं. तीन-तीन डोकी होती. सगळी पुढं.

आबांची बायको पार्वतीबाई. एका पावसाळ्यात ती तापानं फणफणली. बोलायची बंद झाली होती. तिला जिंतूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. हौद्यात बाज टाकली, बाजेवर तिला निजवलं, वरून ताडपत्री. सून राजेश्री, वैष्णवीची आई, तिचं डोकं मांडीवर धरून बसली. आणि पुढं? खिडकीला आबा, मधी भुजंग. सोबतीला. सोबत आजारी माणसाला लागते की धडधाकट माणसाला, हे मी सीट असून मला कळत होतं. रस्ताभर हे दोघं गप्पा मारत होते आणि मागं ताडपत्री फडफडत होती.

पार्वतीबाई वाचली. पण एवढ्या वर्षांत माझ्यावर ती एकदाही बसली नाही. बोकडाला खिडकी मिळाली, तिला नाही.

आता वेल्डिंगचं सांगते.

माझ्या दांडीचे दात झिजले होते. गोपाळनं ब्रेक दाबला की मी जराशी पुढं घसरायचे आणि आबांचे गुडघे समोरच्या पत्र्यावर आदळायचे. दांडी बदलता आली असती. पण आबा म्हणाले, "ही पार मागं ढकल अन् टाक वेल्डिंग मारून. पुन्हा हलायला नको." गोपाळनं काय केलं? जे तो जन्मभर करत आला तेच. आबा म्हणाले, मारून टाक. त्यानं मारून टाकलं. एका दुपारी ठिणग्या उडाल्या, माझे दोन्ही रूळ जळाले आणि मी पार मागच्या टोकाला कायमची खिळले. आबांचे पाय ऐसपैस झाले.

बाकीचे ते विसरून गेले. मी कशी विसरणार?

वैष्णवी मोठी झाली. मोठी म्हणजे वयानं; उंची आजीवर गेली, बुटकी राहिली. बोलायला मात्र तिखट. बोरीला कॉलेजात जायची. मधीच एसटीची वेळ बदलली आणि संध्याकाळी उतरायला अंधार व्हायला लागला. पारावर बसणाऱ्यांना ते दिसलं. एसटीची वेळ बदलून आणायला आगाराकडं कुणी गेलं नाही; सगळे आबांकडं आले. "लिंबाजी, नात अंधाराची उतरायली फाट्यावर. चांगलं दिसतं का?" आबांनी कॉलेज बंद केलं. आणि आता हेच लोक पाहुण्यांना काय सांगतात? "पोरीनं शिक्षण सोडलं. डोकंच चाललं न्हाई तिचं." माझ्यावर बसून सांगतात. माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात त्या उगाच नाही.

दरवर्षी दिवाळी झाली की गोपाळ आणि राजेश्री ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादम एकट्याला घेत नाही. मग उन्हाळा लागेपर्यंत गाडी बाभळीखाली उभी. कोंबड्या माझ्यावर अंडी घालतात.

गेल्या साली राजेश्री परतली ती वाकूनच. मोळ्या वाहून कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, आता ओझं बंद. मग यंदा गोपाळसोबत कोण जाणार? आबांनी पोळ्याच्या दिवशी जाहीर केलं.

"वैष्णवी जाईल. घरीच तर बसून हाय. कोयता पुरा झाला पायजे."

ते माझ्यावर बसूनच म्हणाले. गाडी दारात उभी होती, वैष्णवी बैलांच्या शिंगांचा रंग हाताला लागलेला धूत होती. ती तशीच ओल्या हातानं दाराशी आली.

"मी न्हाई जाणार."

"मग काय करणार? तसबिरीसारखी भिंतीला बसणार?"

"गाडी चालवणार. लायसन काढलंय मी."

ते खरं होतं. जिंतूरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर ती शिकली होती, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांमधी. आणि तिच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. गावातल्या बायका मेथी, कोथिंबीर, शेपू पिकवतात. भाजीचा टेम्पो यायचा बंद झाल्यापासून पहाटे डोक्यावर गाठोडी घेऊन फाट्यापर्यंत चालत जातात. तिथं मिळेल त्या गाडीला हात करायचा, नाही मिळाली तर भाजी सुकवत बसायचं. दसऱ्यापासून ती सगळ्यांची भाजी परभणीच्या बाजारात पोचवणार होती. रोज. बायकांना तिनं शब्द दिला होता. गाडी रोज चालली तर तिला कोयता उचलायची गरज नव्हती. नाही चालली तर दिवाळीनंतर ती उसाच्या फडात. इतकं सरळ होतं ते.

आबा हसले. मला त्यांचं हसणं बुडातून कळतं.

"चालीव की. मी कुठं नको म्हणलो? पण येकटी पोर बाजारात जाणार न्हाई. मी संगं बसणार."

"बसा की."

"आन् पाय पुरतेत का तुझे?"

वैष्णवी चढली, स्टेअरिंगमागं बसली. मी पार मागं खिळलेली. तिनं पाय लांबवला. क्लचला बोटं टेकली, टाच हवेतच. पुढं सरकून कडेवर बसली तर पाठीला आधार नाही. ती वाकली, खाली हात घातला, दांडी सापडली, ओढली. हलली नाही.

"आबा, ही सरकंना."

"सरकतच न्हाई ती. कंपनीचंच तसंय," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

गोपाळ तिथंच उभा होता. तोही बाभळीकडं बघत होता. बापलेकांना त्या दिवशी बाहेरचं लयच बघायचं होतं.

मला ओरडावंसं वाटलं, खोटं आहे, माझ्या पायाखाली बघ! पण सीटला तोंड नसतं. फार तर एखादी स्प्रिंग असते. तिचं पुढं येईल.

वैष्णवीनं हार मानली नाही. आजीची जाड गोधडी घडी करून पाठीमागं घातली, तिच्यामागं भुशाची पिशवी. पाय पुरले, जेमतेम. दोन-चार दिवस तिनं वावराच्या रस्त्यावर गाडी मागं-पुढं केली. मग एक दिवस पारासमोरून जायचं होतं. खिडकीला आबा. पारावर भुजंग आणि त्याची मंडळी, जशी काही त्यांचीच परीक्षा आहे अशी सावरून बसलेली.

चढावर तिनं गाडी थांबवली, कारण म्हैस आडवी आली. म्हैस गेली. तिनं पाय लांबवून क्लच दाबला, गिअर टाकला, आणि नेमकी मागची पिशवी फुटली. भुसा घरंगळला, गोधडी खाली बसली, वैष्णवी मागं गेली आणि पाय सटकला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि जनावरांच्या पाण्याच्या टाकीचा कठडा पाडूनच थांबली. पाणी सगळं पारासमोर. शेळ्यांनी ते पिऊन घेतलं, तेवढाच कुणाचा तरी फायदा.

"झालं का समाधान?" भुजंग ओरडला. "बाईच्या जातीला दिलंय का हे काम?"

त्याच भुजंगनं दोन वर्षांमागं मोटारसायकल विहिरीत घातली होती. ते मात्र रस्ता खराब असल्यामुळं झालं होतं.

आबा सावकाश उतरले, धोतर झटकलं. "बघा मंडळी. मी पोरीला अडवलं का? पाय पुरंनात, त्याला मी काय करू?"

कुणी माणूस जखमी नव्हतं, जनावर नव्हतं. पण त्या संध्याकाळी दोन बायका येऊन आजीला सांगून गेल्या की आमी आपलं डोक्यावरच नेऊ, माय. वैष्णवी गाडीत एकटी बसून राहिली. रडली नाही ती. माझ्या रेक्झिनच्या फाटक्या कडेतून फोमचे तुकडे तोडून तोडून काचेवर फेकत राहिली. मला दुखलं, पण मी म्हटलं, तोड बाई. कुणावर तरी निघू दे.

तिनं उपसलेला तो फोम खिडकीकडच्या बाजूचा होता. आतून स्प्रिंग मोकळी झाली. आणि दुसऱ्या दिवशी आबा नेहमीच्या जागी, नेहमीच्या थाटात येऊन बसले.

"आय आय आय! काय टोचायलंय हे!"

सीटची स्प्रिंग होती. बरोबर जागी होती.

आता मजा बघा. पोरीचे पाय पुरत नव्हते तेव्हा इलाज नव्हता, कंपनीचंच तसं होतं. आबांना टोचलं तर तासाभरात गाडी बोरीच्या रस्त्याला. गोपाळ चालवतोय, खिडकीला आबा पोत्यावर अर्धवट टेकून, मधी गिअरच्या दांड्याशी पाय आवळून वैष्णवी. आबा नको म्हणत होते. ती म्हणाली, "नवा कठडा बांधायला शिमीट आणायचंय मला. मी पाडलाय, मीच बांधणार," आणि चढून बसली. मधल्या जागेत बसलेली या घरातली पहिली बाई. दांड्याचं काही बिघडलं नाही.

बोरीला स्टँडच्या मागं धम्मपालचं कुशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक शिलाई मशीन, फोमचे तुकडे, आणि शेडमागं भंगारातल्या गाड्यांच्या काढून ठेवलेल्या सीटांचा ढीग. धम्मपाल गाणं गुणगुणत काम करतो आणि गिऱ्हाइकाची चेष्टा करतो. आबा समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. धम्मपालनं माझे नट खोलायला घेतले. पाना फिरवला, ठोकलं, पुन्हा फिरवला. मग आडवा झाला, मोबाईलची बॅटरी लावून माझ्याखाली बघितलं आणि खो-खो हसायला लागला.

"गोपाळभाऊ, हे डोकं कुणाचं? रुळाला वेल्डिंग मारलंय की!"

"कंपनीचंच तसंय ते," वैष्णवी म्हणाली.

"कंपनी असले शेणाचे गोळे लावल्यासारखं वेल्डिंग मारती व्हय, ताई? हे आपल्याकडचं काम हाय. बघा, दांडी हाय, दात हायत, सगळं हाय. सरकायची सीट हाय ही. बांधून घातलीय."

वैष्णवी खाली वाकली. तिनं बघितलं. बोटानं ते काळे गोळे चाचपले. मग मान वर करून बापाकडं बघितलं.

गोपाळ चपलेनं जमीन उकरत होता.

"पप्पा, तुमाला माहीत होतं?"

"आबा म्हणले होते... तवा तू ल्हान होतीस. कुणाला वाटलं होतं तू चालवशील म्हणून?"

"तवाचं सोडा. पोळ्याच्या दिवशी मी दांडी ओढायले होते, तुमी उभे होते तिथं."

उत्तर नसलेले बाप मी पुष्कळ पाहिलेत. ते चपलेनं जमीन उकरतात.

वैष्णवी तडक टपरीवर गेली. गाडीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. आबांच्या बशीत चहा होता. चार माणसं बाकड्यावर होती.

"आबा, सीट कंपनीनं बांधली का तुमी?"

आबांनी बशी खाली ठेवली. "हळू बोल. माणसं हायत."

"असू द्या. सांगा."

"माझे गुडघे लागायचे समोर. लय दुखायचे. म्हणून मारलं."

"तुमचे गुडघे लागायचे म्हणून मी कोयता उचलायचा व्हय?"

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता, तो थांबला.

आबांना राग आला. चूक उघडी पडली की मोठ्या माणसांना पहिल्यांदा रागच येतो. बाकीचं, आलंच तर, नंतर येतं. ते काठी टेकत शेडकडं आले.

"ए, बंद कर काम. नुसती स्प्रिंग दाब अन् शिवून टाक. बाकी हात लावायचा न्हाई."

धम्मपाल अजून माझ्याखालीच होता. तिथूनच म्हणाला, "बाबा, दाबतो. पण उद्या दुसरी वर येईल. फोमचा भुगा झालाय, सांगाडा पिचलाय. अन् हे वेल्डिंग कापलं तर रूळच तुटतोय. ही आता सरकायची न्हाई. सरकली तरी अख्खी सरकणार. ताई पुढं गेली की तुमचे गुडघे पत्र्यावर."

"मग?"

"मग दोन अलग सीटा बसवू की. मागं पडल्यात माझ्याकडं. ज्याची त्याची दांडी. ताईनं पुढं घ्यावी, तुमी पार डिकीपर्यंत जावा."

"या गाडीला डिकी न्हाई."

"तेच म्हणतो, हौद्यापर्यंत जावा."

आबा हसले नाहीत. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसले आहे.

"अखंड सीट हाय ही. घरादारानं मिळून बसायची. तिची वाटणी करायलाव का तुमी? आज सीटचे दोन तुकडे करा, उद्या घराचे करा."

ऐकायला किती बरं वाटतं. चारजण बाकड्यावरून माना डोलवायला लागले. पण मला विचारा ना. मी आहे ती अखंड. मिळून कोण बसलं माझ्यावर? आबा, भुजंग, पाहुणे आणि एक बोकड. घरदार मागं ताडपत्रीखाली होतं.

वैष्णवीचा आवाज फाटला. "आजीला इचारा, ती किती बसली हिच्यावर."

बाकड्यावरच्या माना हलायच्या थांबल्या. सडकेवरून एक ट्रक गेला, धूळ उडाली. मग गोपाळनं चपलेनं उकरायचं थांबवलं. माझ्या आयुष्यात मी त्याला आबांसमोर पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

"आबा, राजेश्रीची कंबर गेली. आता हिची घालवायची का?"

आबांचा हात माझ्या पाठीवरून खाली आला.

"धम्मपाल," गोपाळ म्हणाला, "काप."

ग्राइंडर लागला. पुन्हा ठिणग्या उडाल्या, तशाच. पण यावेळी मला जळाल्यासारखं नाही वाटलं. फार वर्षं एकाच अंगावर निजलेल्या माणसाला कुणीतरी कुशीवर वळवावं, तसं वाटलं. मला उचललं, बाहेर काढलं, शेडच्या भिंतीला उभं केलं. माझ्याखालून काय काय निघालं: सुपारीची खांडं, विड्यांची थोटकं, वैष्णवीच्या लहानपणाची एक लाल रिबीन.

दुपारभरात दोन सीटा बसल्या. एक करडी, एक काळी. एक कुठल्या कारची, एक कुठल्या जीपची. एकमेकींना न शोभणाऱ्या. दोन्हीच्या मधी गिअरचा दांडा आता मोकळा उभा. वैष्णवी करड्या सीटवर चढली, वाकली, दांडी ओढली. खर्रर्र करत सीट पुढं आली. तिनं क्लच दाबला. टाच टेकली. पार तळापर्यंत. तिनं तो सोडला आणि पुन्हा दाबला, आणि पुन्हा, लहान पोर दिव्याचं बटण दाबतं तसा.

मत्सर वाटला का? वाटला. खोटं कशाला बोलू? त्या करड्या सीटला काय माहीत पावाचा वास, बोकडाचे दात, पोरीच्या उड्या? पण त्या टाचेकडं बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे.

आबांनी काळ्या सीटकडं पाठ फिरवली. "मी एसटीनं येतो," म्हणाले आणि स्टँडकडं चालायला लागले. त्याच एसटीनं, जी गावच्या फाट्यावर अंधार पडल्यावर सोडते.

मला त्यांनी हौद्यात टाकलं, सिमेंटच्या गोणीशेजारी. घराकडं निघालो. आणि पहिल्यांदा मला मागचं कळलं. पुढं बसून मी इतकी वर्षं काचेतून रस्ता पाहिला होता. मागं काच नसते. धूळ सरळ तोंडावर येते. खड्डा आधी दिसत नाही, आधी लागतो. उन्हानं पत्रा तापतो आणि धरायला काही नसतं. मी लोखंडाची, तरी आदळून माझे सांधे निघाले. पार्वतीबाई यातून तापात गेली होती. राजेश्री आपल्या मोडक्या कमरेनिशी यातून दवाखान्यात गेली होती. आणि पुढं मी मऊ होते, रिकामी सुद्धा असायचे कधीकधी, मधी नुसती पिशवी असायची. याचं मला अजून बरं वाटत नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. कठडा वैष्णवीनं आधीच बांधला होता, थोडा वाकडा, पण पाणी धरतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं गाडी सडकेच्या तोंडाशी आणून उभी केली. आधी आजीच आली, मेथीच्या जुड्या घेऊन. जुड्या हौद्यात टाकल्या आणि सवयीनं स्वतःही मागच्या फाळक्यावर पाय ठेवला.

"आजी, कुठं चाललीस? पुढं ये."

"पुढं?"

"तिथं खिडकीला."

पार्वतीबाईला दार उघडता येईना. कडी कुठं असते ते तिला माहीतच नव्हतं. वैष्णवीनं आतून हात लांबवून उघडलं. म्हातारी बसली, पदर आवरला, समोरच्या काचेकडं बघत राहिली.

"आगं बाई," ती म्हणाली, "रस्ता आधीच दिसतोय की."

असं आता रोज चालू आहे. भाजी हौद्यात, बायका घरी. फक्त खिडकीच्या सीटवर पाळीपाळीनं एकजण बाजाराला जाते, भाव डोळ्यानं बघायला. डोक्यावर नेऊ म्हणणाऱ्या त्या दोघीही परत आल्या. दिवाळी झाली. गोपाळ गेला साखर कारखान्याकडं, पण कोयता घेऊन नाही. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून, एकटा. राजेश्री घरी जुड्या बांधते, बसून. पुढच्या साली काय होईल ते मला माहीत नाही. वैष्णवीलाही नाही. पण फडात ती गेली नाही, आणि बोरीच्या कॉलेजात बाहेरून परीक्षेला बसता येतं का, ते विचारून आली आहे. आता तिला एसटीची वेळ बघावी लागत नाही.

आणि मी? मला भंगारात घालणार होते. बायकांनी घालू दिलं नाही. सडकेच्या तोंडाशी चिंचेखाली दोन दगडांवर मला मांडलंय. थंडीत गाडीची वाट बघत त्या माझ्यावर बसतात. चार-चार जणी, दाटीवाटीनं, पोरं मांडीवर, जुड्या पायाशी. माझी स्प्रिंग धम्मपालनं दाबून दिली होती, ती आता कुणाला टोचत नाही. तिचं काम झालं.

मला एकच म्हणायचंय. ज्यांच्या हाती घर आहे, गाडी आहे, गाव आहे, त्या सगळ्यांना. तुमच्या सोयीसाठी तुम्ही कधीतरी काहीतरी बांधून टाकलेलं असतं, आणि नंतर पोरांना सांगता की ते असंच असतं. एकदा खाली बघा. दांडी तिथंच असते. फक्त वाकावं लागतं.

काल सकाळी आबा आले. काळ्या सीटवर ते अजून बसलेले नाहीत. बोलावलं तर पाय दुखतोय म्हणतात. काठी टेकत चिंचेखाली आले आणि सवयीनं माझ्या खिडकीकडच्या टोकाला बसले, ऐसपैस, पाय लांबवून. खिडकी नव्हती, चिंच होती. मग बायका यायला लागल्या. एक बसली, दुसरी बसली. शेवटी राजेश्री आली, कमरेवर हात ठेवून, आणि उभी राहिली. सासऱ्याशेजारी कशी बसणार? जागाही नव्हती.

लांबून वैष्णवीच्या गाडीचा हॉर्न आला.

आबांनी सुनेकडं बघितलं नाही. सडकेकडंच बघत राहिले. पण त्यांनी पाय जवळ घेतले, काठी दुसऱ्या हातात घेतली, आणि माझ्या रेक्झिनवर घासत, एक हात, मग अजून थोडं, असे कडेला सरकले.

"बस," म्हणाले.